पावातील भाजी : एका लोकप्रिय खाद्याचा इतिहास आणि सुकापूरचा दाखला

१. विषयप्रवेश

पनवेलहून माथेरान डोंगराच्या पायथ्याकडे, नेरे गावाच्या दिशेने जो रस्ता जातो, त्यावर सुकापूर हे गाव आहे. पावसाळ्यातील एखाद्या सकाळी या रस्त्यावर उभे राहिले असता माणसांचे दोन प्रवाह दृष्टीस पडतात. एक प्रवाह नोकरदारांचा. त्यांस पनवेल स्थानक गाठून मुंबईची गाडी पकडावयाची असते. वाटेत गाडीवरचा वडापाव कागदात गुंडाळून घ्यावयाचा व चालता चालता तो संपवावयाचा, हा त्यांच्यापैकी अनेकांचा परिपाठ. दुसरा प्रवाह डोंगराकडील ठाकूर व कातकरी वाड्यांतून येणाऱ्या स्त्रियांचा. त्यांच्या पाट्यांत ऋतुमानाप्रमाणे टाकळा, भारंगी, कुडा, करटोली, शेवळे आणि डोंगरउतारावरच्या काकड्या असतात, आणि त्यांसही पनवेलचाच बाजार गाठावयाचा असतो. दोन्ही प्रवाह एकाच रस्त्याने एकाच दिशेस जातात. परंतु पाटीतील भाजी आणि गाडीवरचा पाव यांची गाठ सहसा पडत नाही.

ही गाठ का पडत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. वडापाव, सँडविच यांसारखे आवडीचे पदार्थ ताज्या भाज्या घालून अधिक आरोग्यकारक करावेत, असा उपदेश अलीकडे आहारतज्ज्ञ व वृत्तपत्रे वारंवार करीत असतात. या उपदेशामागे दोन गृहीते आहेत. पाव हा मूळचा भाजीविरहित पदार्थ असून भाजी ही त्यातील नवी भर आहे, हे पहिले. भाजी घालणे वा न घालणे हा खाणाऱ्याच्या आवडीचा व विवेकाचा प्रश्न आहे, हे दुसरे. इतिहासाच्या कसोटीवर ही दोन्ही गृहीते टिकत नाहीत, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२. पावाचे आगमन व त्याचे ओवळेपण

‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला हे सर्वश्रुत आहे. १५१० मध्ये गोवा व १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर भट्टीत भाजलेल्या, आंबवलेल्या गव्हाच्या रोटीचा प्रसार झाला. युरोपातील आंबवण येथे सुलभ नसल्याने गोव्यातील पदेरांनी पीठ फुगविण्यासाठी माडाच्या सुरेचा उपयोग केला. म्हणजे प्रारंभापासूनच हा पदार्थ अर्धा परदेशी व अर्धा कोकणी होता. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली; पोर्तुगीजांची सत्ता उत्तर कोकणातून गेली, पण पाव व तो भाजणारे लोक राहिले.

तथापि हिंदू समाजाच्या दृष्टीने पाव दीर्घकाळ ओवळा होता. तो ख्रिस्ती वा मुसलमान भट्टीवाल्याने केलेला असे. त्यात सुरा पडलेली असे. आणि पाण्यात मळलेले अन्न परक्याच्या हातचे घेऊ नये या सर्वमान्य नियमाचा त्याने भंग होई. पावाचा तुकडा विहिरीत टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या आख्यायिका कोकणात सांगितल्या जात. पायाने मळतात म्हणून तो पाव, ही लोकव्युत्पत्तीही त्याच तिटकाऱ्यातून निघालेली आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती निराधार असली तरी समाजेतिहासाच्या दृष्टीने तिचे मोल कमी नाही.

हा निषेध किती खोल होता याची साक्ष खुद्द सुधारकांनीच ठेवली आहे. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्यास परधर्मीयाने केलेला पाव खावा लागे. जातिबंधन तोडल्याचा पुरावा म्हणून अन्य शेकडो पदार्थांतून पावाचीच निवड व्हावी, यातच सर्व काही आले. सभेचे काम गुप्तपणे चाले; १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटल्यावर ती मोडली. पुढे ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांचे प्रकरण उद्भवले. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे तेथे उपस्थित होती, आणि त्या चहापानावरून ग्रामण्य उभे राहून प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. बिस्किट हे पावाचेच भावंड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही भट्टीतील पदार्थ हा पुण्यात सामाजिक प्रश्न होता, तर अवघ्या तीन पिढ्यांत तोच महाराष्ट्राचा नित्याचा आहार कसा झाला, याचे स्पष्टीकरण शोधले पाहिजे.

३. भाजी : पावाचा परवाना

हे स्पष्टीकरण अंशतः पावाच्या सोबत्यांत सापडते. इंग्रजांचे सँडविच मुळात मांसाचे होते. अठराव्या शतकातील सँडविचच्या चौथ्या अर्लच्या नावावरून ते प्रसिद्ध झाले, आणि इतिहासकार गिबन याच्या १७६२ च्या रोजनिशीत त्या शब्दाचा उल्लेख आढळतो. मुंबईतील हिंदू व जैन गिऱ्हाइकास हा पदार्थ त्या रूपात ग्राह्य होणे शक्य नव्हते. इंग्रजांच्या तिसऱ्या प्रहरच्या चहाबरोबर काकडीचे सँडविच येई. तेवढाच एक दुवा उपलब्ध होता. मुंबईने तो दुवा उचलला व त्याचे रूप बदलून टाकले. लोणी लावलेल्या पांढऱ्या पावाच्या कापांवर कोथिंबीर व हिरवी मिरची यांची चटणी आली. काकडीच्या जोडीस टोमॅटो, कांदा, उकडलेला बटाटा व उकडलेले बीट आले. वरून मसाल्याची चिमूट पडली. इंग्रजी काकडी सँडविचचा सौम्यपणा गेला, आणि मराठी वा गुजराती जिभेस ओळखीचे वाटेल असे काही तयार झाले.

ते ओळखीचे का वाटले? आपल्या पारंपरिक पानाची मांडणी स्मरल्यास उत्तर मिळते. पानाच्या डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूस भाजी, उसळ, आमटी. डाव्या बाजूचे पदार्थ बहुधा कच्चे, थोडे व तीक्ष्ण. उजव्या बाजूचे शिजलेले व पोटभरीचे. या दृष्टीने पाहिले असता मुंबईचे सँडविच म्हणजे पानाची डावी बाजू दोन कापांमध्ये बसविलेली आहे. काकडी-टोमॅटो-कांदा ही कोशिंबीर आणि हिरवी चटणी ही चटणीच. याच्या उलट उसळपाव व मिसळपाव यांनी पानाची उजवी बाजू उचलली. तरीही मिसळीवर चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर व लिंबाची फोड येतेच, म्हणजे डावी बाजू तेथे अल्पांशाने उरली आहे.

पावभाजीविषयीही येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. अमेरिकेतील यादवीच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, मुंबईच्या कापूस बाजारात रात्रभर काम चाले व त्या कामकऱ्यांसाठी उरलेल्या भाज्या एकत्र ठेचून पावभाजी निर्माण झाली, अशी आख्यायिका सांगण्यात येते. त्या वर्षांतील कापसाची तेजी व १८६५ मधील तिचा अंत या घटना ऐतिहासिक आहेत. परंतु तेवढ्यावरून आजचा पदार्थ त्या काळी होता असे ठरत नाही. टोमॅटो व ढोबळी मिरची या परदेशी भाज्यांवर आजच्या पावभाजीचा रंग व स्वाद उभा आहे. टोमॅटोस मराठीत पूर्वी वेलवांगे म्हणत, आणि तो आपल्या नित्याच्या स्वयंपाकात सावकाश शिरला. आख्यायिकेतील ग्राह्यांश एवढाच की, अवेळी काम करणाऱ्या श्रमिकाचे अन्न म्हणून पाव व भाजी यांची सांगड लोकस्मृतीने घातली आहे.

यावरून पहिले गृहीत ढळते. महाराष्ट्रात पाव भाजीवाचून कधी नांदला नाही. मांसाहारी पाहुण्यास शाकाहारी घरात प्रवेश मिळावा, तसा पावास भाजीच्या सोबतीने प्रवेश मिळाला. भाजी ही पावातील भर नसून त्याचा परवाना होती.

४. शिधा, गहू आणि १९६६ हे वर्ष

परवाना मिळाला तरी प्रसार होण्यास निराळे कारण लागते. ते कारण धान्यव्यवहारात आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांचा मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला होता, आणि हे लोक भात खाणारे होते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तेथून येणारा तांदूळ थांबला. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. शिधापत्रिकेवर जे धान्य मिळेल तेच खाणे भाग पडल्याने भात खाणाऱ्या घरांत गहू शिरला. स्वातंत्र्योत्तर काळात अमेरिकेच्या १९५४ मधील ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्यान्वये गव्हाची आयात सुरू झाली, आणि १९६५-६६ च्या अवर्षणात ती शिखरास पोचली.

१९६५ मध्येच ‘मॉडर्न बेकरीज’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने निरनिराळ्या शहरांत तिचे यांत्रिक कारखाने उभे राहिले, आणि मेणकागदात बांधलेला, आयताच कापलेला पाव मध्यमवर्गीय घरांत पोचला. हा पाव जीवनसत्त्वे मिसळून पौष्टिक करण्याचे धोरण होते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाव आरोग्यकारक करण्याची पहिली मोठी सरकारी योजना भाजीची नव्हती. ती कारखान्यात पिठात मिसळावयाच्या पुडीची होती. सन २००० मध्ये ही कंपनी खाजगी मालकीकडे गेली.

याच सुमारास, म्हणजे १९६६ मध्ये, दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकण्यास आरंभ केला, असे सामान्यतः मानले जाते. सुधाकर म्हात्रे यांचेही नाव या संदर्भात घेतले जाते. अशा पदार्थाचा एकच जनक शोधणे इतिहासाच्या दृष्टीने फारसे फलदायी नसते. बटाटेवडा पूर्वीपासून होता, पाव पूर्वीपासून होता. दोहोंची सांगड अनेकांस सुचणे शक्य होते. महत्त्वाचे आहे ते वर्ष. आयात गव्हाचा पूर, यांत्रिक पावाचा आरंभ आणि वडापावाचा उदय या तीन गोष्टी एक-दोन वर्षांच्या अंतराने घडल्या आहेत. यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. पण हा योगायोग आहे असे मानण्यापूर्वी अभ्यासकांनी शिधावाटप खात्याची व भट्टीवाल्यांच्या मैदावाटपाची कागदपत्रे तपासावीत, अशी सूचना येथे करावीशी वाटते.

५. दोन पाव : काकडीचा व बटाट्याचा

वडापावाची घटकद्रव्ये पाहिली असता एक कौतुकास्पद गोष्ट दिसते. पाव पोर्तुगीज, बटाटा व मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातील, आणि ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगिजांकडूनच आलेला, लसूण व हरभऱ्याचे पीठ तेवढे जुने, घरचे. इतके विलायती सामान असूनही हा पदार्थ मराठीपणाची खूण ठरला. ही कथा अनेकांनी सांगितली आहे. येथे तिच्या दुसऱ्या अंगाकडे लक्ष वेधावयाचे आहे.

पूर्वी सांगितलेल्या पानाच्या मांडणीचा विचार केल्यास वडापावात ना डावी बाजू आहे, ना उजवी. त्यात तळण आहे. सणावारी पानात तोंडीलावणे म्हणून एखाद-दुसरे येणारे तळण येथे मुख्य अन्न झाले. चटणी उरली ती लसणाची कोरडी. हिरवी मिरची उरली तीही तळून मीठ लावलेली. कोशिंबीर पूर्णपणे गळाली. म्हणजे सँडविच व वडापाव या एकाच शहराच्या दोन अपत्यांपैकी एकाने कच्ची भाजी ठेवली व दुसऱ्याने टाकली. असे का व्हावे?

याचे उत्तर रुचीत नाही. ते पाणी, वेळ व किंमत यांत आहे.

पाणी प्रथम. कापलेली काकडी किंवा टोमॅटो सुरक्षित राहावयाचा तर तो स्वच्छ पाण्याने धुतला पाहिजे, स्वच्छ सुरीने कापला पाहिजे, झाकून ठेवला पाहिजे. उकळत्या तेलातून आताच निघालेल्या वड्यास यांपैकी कशाचीच गरज नसते. तेलाची उष्णताच त्याचे शुद्धीकरण करते. पटकी व विषमज्वर यांचा अनुभव असलेल्या शहरात ही फार मोठी गोष्ट होती. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात खाद्यविक्रीस परवान्याचे बंधन आहे, आणि साथीच्या दिवसांत कापलेली फळे व उघडे पदार्थ विकण्यावर पालिका निर्बंध घालीत आल्या आहेत. ज्या विक्रेत्यास नळ नाही व ज्याची जागा कायम नाही, त्याने कच्च्या भाजीपेक्षा तळण पसंत करावे यात त्याचे शहाणपण दिसते.

वेळ दुसरी. गिरणीची पाळी सुटणे व गाडी सुटणे यांमध्ये जो अवधी मिळे त्यात सँडविचची मांडणी बसत नसे. सँडविचवाला गिऱ्हाईक आल्यावर कापू लागतो. कापावर काप रचून, शेगडीवर हातातील टोस्टरमध्ये भाजून, त्याचे तुकडे पाडून देतो. वडा तयार असतो. पाव चिरावयाचा, चटणी लावावयाची, वडा दाबावयाचा. सँडविच म्हणून कचेऱ्या व महाविद्यालये यांच्या परिसरात रुजले, वडापाव स्थानके व गिरणगाव यांच्या परिसरात. एकच पाव, पण एकास मधली सुटी होती व दुसऱ्यास नव्हती.

किंमत तिसरी. बटाटा आठवडाभर टिकतो. कोथिंबीर संध्याकाळी मान टाकते. न विकल्या गेलेल्या टोमॅटोचे नुकसान विक्रेत्यास एकट्याने सोसावे लागते, आणि ज्याचे भांडवल एका दिवसाचे आहे त्यास हे नुकसान परवडत नाही. भाव वाढले की प्रथम टोमॅटो पातळ कापला जातो, नंतर नाहीसा होतो.

कामगाराच्या आहारात भाजी मुळीच नव्हती असा मात्र याचा अर्थ नव्हे. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या पुरुषांस स्त्रियांनी चालविलेल्या खानावळींचा आधार होता, आणि तेथे चपाती वा भाकरी, भाजी, आमटी, भात असे पूर्ण जेवण मिळे. या स्त्रियांस संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. वडापाव हा तेव्हा जेवणांमधील आधार होता. जेवणाची जागा त्याने घेतली नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू विस्कटले. पाळीचे घड्याळ गेले, खानावळीचे गिऱ्हाईक पांगले, कामाची व राहण्याची ठिकाणे एकमेकांपासून दूर गेली. जो पदार्थ दोन जेवणांमध्ये खाल्ला जाई तो जेवणाऐवजी खाल्ला जाऊ लागला. वडापाव तोच राहिला. त्याच्या मागेपुढे असलेली भाजी नाहीशी झाली. आरोग्याचा प्रश्न उद्भवला तो येथे.

राज्यकर्त्यांस या प्रश्नाची जाणीव नव्हती असे नाही. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना राज्यात सुरू झाली. पावाऐवजी भाकरी हे तिचे सूत्र होते. परंतु ताज्या भाजीचा प्रश्न तीतही उरलाच होता, कारण झुणका हाही पिठाचाच पदार्थ.

६. आहारशास्त्राची साक्ष

इतिहासाच्या अभ्यासकाने आहारशास्त्रावर मत देणे धाडसाचे ठरेल. परंतु त्या शास्त्राच्या इतिहासातील एक प्रकरण येथे प्रस्तुत आहे. नीलगिरीतील कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी उंदरांवर आहाराचे प्रसिद्ध प्रयोग केले. काही उंदरांस त्यांनी पंजाबातील शीख शेतकऱ्याचा आहार दिला : सबंध गव्हाची चपाती, दूध, डाळी, ताज्या कच्च्या भाज्या. दुसऱ्यांस इंग्लंडातील गरीब वर्गाचा आहार दिला : पांढरा पाव, कृत्रिम लोणी, साखर घातलेला चहा, उकडलेल्या भाज्या, डबाबंद मांस. पहिले उंदीर निकोप वाढले. दुसरे खुरटले व रोगी झाले. कुन्नूरलाच त्यांच्यामागून आलेले डॉ. अ‍ॅक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. दूध, पालेभाज्या, फळे यांस ‘संरक्षक अन्न’ म्हणण्याचा प्रघात आहे.

म्हणजे पांढरा पाव व चहा यांवर जगणाऱ्या शहरी श्रमिकाचे काय होते, हे वडापाव जन्मण्यापूर्वीच भारतात प्रयोगाने दाखविले गेले होते. आज जागतिक आरोग्य संघटना दररोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खाण्याची शिफारस करते. बटाटा व तत्सम कंद ती या हिशेबात धरीत नाही. त्या मापाने वडापावातील भाजी जवळजवळ शून्य भरते. सँडविचमधील काकडी, टोमॅटो, कांदा, बीट व कोथिंबीर यांचे काप एकत्र केल्यास काही थोडी भरपाई होते, मग पाव पांढरा का असेना. सरकारी नियमन तेलाच्या बाजूने मात्र पुढे गेले आहे : तेल व वनस्पती तूप यांतील ट्रान्स मेदाची मर्यादा जानेवारी २०२२ पासून दोन टक्के करण्यात आली. १९६५ नंतर पिठात पुडी मिसळण्यात आली, २०२२ मध्ये तेलाचे शुद्धीकरण झाले. भाजीची पाळी अद्याप आलेली नाही.

७. सुकापूरचा दाखला

आता आरंभीच्या दृश्याकडे वळू. पनवेल हे जुने बंदर. मुंबईहून गलबताने पनवेलपर्यंत यावयाचे व तेथून घाट चढून पुण्यास जावयाचे, असा मार्ग होता. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली आणि ती वाहतूक कर्जतमार्गे गेली. त्यानंतर दीर्घकाळ पनवेल ही आसपासच्या भातगावांची व डोंगरवाड्यांची बाजारपेठ राहिली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईची उभारणी सुरू झाली, आणि १९९८ मध्ये उपनगरी गाडी पनवेलपर्यंत आली. त्या गाडीने पनवेलच्या आसपासची गावे मुंबईच्या घड्याळास जोडली. १८६३ मध्ये रेल्वेने पनवेलचा प्रवासी नेला होता. १९९८ मध्ये तिने सुकापूरच्या रहिवाशाची सकाळ नेली.

भाजीचा प्रवास याहून विलक्षण आहे. मुंबईचा घाऊक भाजीबाजार पूर्वी भायखळ्यास होता; विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत कांदा-बटाटा व भाजीपाला यांचे घाऊक बाजार वाशीस आले. नाशिक व पुणे या जिल्ह्यांतील भाजी आता पनवेल परिसरावरून किंवा ठाण्यावरून वाशीस जाते, आणि तेथून ट्रकने परत पनवेलच्या किरकोळ बाजारात येते. गाडीवाल्याच्या हाती ती पडते तेव्हा तिचा भाव चढलेला व ताजेपणा उतरलेला असतो. याउलट डोंगरवाडीवरून पायी आलेली भाजी सकाळी तोडलेली असते. पण ती वाट्यावर विकली जाते, तिचे माप ठरलेले नसते, आणि ऋतू संपला की ती संपते. गाडीवाल्यास रोज एकसारखा माल हवा असतो. म्हणून तो बटाट्याच्या गोणीवर विसंबतो, आणि चार पावलांवरून जाणारी पाटी त्याच्या उपयोगास येत नाही.

यात बदल अशक्य आहे काय? आपल्या खाद्यपरंपरेचाच आधार घेऊन पाहता तसे वाटत नाही. बटाट्याच्या सारणात मेथी, मटार किंवा किसलेले गाजर मिसळणे घरोघरी परिचित आहे. टाकळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी व वड्या कोकणात होतात. तो पाला सारणात गेल्यास वडा परका होणार नाही. कोरड्या चटणीच्या जोडीस कोथिंबिरीची ओली चटणी पुष्कळ गाड्यांवर आजही असते. काकडीची कोचकई, कांदा व लिंबू ही तर पानाची डावी बाजूच. ती वड्याखाली घातल्यास पावाची चव बिघडत नाही, उलट तळणाचा तेलकटपणा मरतो. विलायती पाला आणून वडापावास नवे रूप देण्याची धडपड शहरांतील काही दुकाने करीत आहेत. तिची गरज नाही. वडापावास त्याची गळालेली कोशिंबीर परत मिळाली तर पुरे.

परंतु ती परत येण्यास ज्या गोष्टी लागतात त्या गाडीवाल्याच्या हाती नाहीत. त्यास नळाचे पाणी हवे, उभे राहण्याची निश्चित जागा हवी, आणि सकाळची भाजी सकाळीच पोचविणारा जवळचा बाजार हवा. पथविक्रेत्यांस जागा व प्रमाणपत्र देण्याचे तत्त्व २०१४ च्या कायद्याने मान्य केले आहे. जागेबरोबर पाणी हा त्याचा स्वाभाविक उत्तरार्ध ठरावा. दुसरीकडे, ज्या जमिनीवर ही भाजी पिकते तिचेही भवितव्य अनिश्चित आहे. २०१३ मध्ये ‘नैना’ हे नव्या विमानतळाभोवतीचे विकासक्षेत्र अधिसूचित झाले. पनवेल तालुक्यातील अनेक गावे त्यात आली. ज्या वेगाने भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, तो पाहता पाटीचा प्रवाह आणखी किती वर्षे या रस्त्याने वाहील, हे सांगणे कठीण आहे. तो आटल्यावर वडापावात ताजी भाजी घाला असे सांगणारास ती भाजी वाशीहून आणावी लागेल, आणि मग बटाट्याचे गणित पुन्हा जिंकेल.

८. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. महाराष्ट्रात पाव भाजीच्या सोबतीने स्वीकारला गेला; युद्धकालीन शिधा व आयात गहू यांनी तो सर्वत्र पोचविला; आणि पाणी, वेळ व किंमत यांच्या दडपणाखाली त्यातील ताजी भाजी गळाली. ती खाणाऱ्याच्या अविवेकाने गळाली असे म्हणण्यास आधार नाही. म्हणून ती परत आणण्याचा मार्गही केवळ खाणाऱ्यास उपदेश करण्याचा असू शकत नाही.

या विषयाची साधने विखुरलेली आहेत. पालिकांची परवाना-दप्तरे, बाजार समित्यांचे आवक-तक्ते, शिधावाटपाची कागदपत्रे यांत त्यांचा एक भाग आहे. दुसरा भाग माणसांच्या स्मरणात आहे : जुने भट्टीवाले, खानावळी चालविलेल्या स्त्रिया, गाड्यांवर आयुष्य काढलेले विक्रेते, आणि डोंगरवाड्यांवरून पाट्या आणणाऱ्या आजीबाई. कागदपत्रे थांबतील, ही माणसे थांबणार नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या मौखिक साधनांकडे प्रथम वळावे, आणि प्रत्येक मुलाखतीत एक प्रश्न अवश्य विचारावा : तुमच्या आठवणीत पावाबरोबर कोणती भाजी होती, आणि ती केव्हा नाहीशी झाली? या एका प्रश्नाच्या उत्तरांतून शहराच्या इतिहासाचे एक अलिखित प्रकरण हाती येण्याचा संभव आहे.